वाटाण्याचे वेल हिरवेगार पण शेंगा नाहीत: जांभ्याच्या मातीत खताचं गणित

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. गुहागरकडे पाच गुंठ्यांचा चोंढा, म्हणजे भाताचं सखल खाचर, हळवं (लवकर येणारं) भात निघाल्यावर त्यात अर्केल जातीचा वाटाणा टोकलात, आधी घरचं शेणखत, पेरताना अर्धी गोणी १५:१५:१५ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी १५ टक्के असलेलं मिश्रखत) वरून फेकून दिलीत, मग वीसेक दिवसांनी रोपं फिकी वाटली म्हणून चार-पाच किलो युरिया. आता वरच्या अर्ध्या तुकड्यात वेल गुडघ्याच्या वर गेलाय, पानं काळीभोर हिरवी, पण फुलं तुरळक. खालच्या बांधाकडचा भाग मात्र पिवळा आणि खुरटलेला. दुकानदार म्हणतो १९:१९:१९ मारा, तर ते मारू का, असं तुम्ही विचारलंय.

नका मारू. निदान वरच्या तुकड्यात तरी अजिबात नको. आणि तुमचे हे दोन तुकडे म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत, एका औषधात दोन्ही बरी होणार नाहीत.

आधी हिशोब करू, कारण गुंठ्यातलं गणित डोक्यात बसलं की अर्धी कामं सोपी होतात. एक हेक्टर म्हणजे ढोबळमानाने १०० गुंठे. पुस्तकात, शिफारशीच्या पत्रकात जे काही हेक्टरी किलोमध्ये लिहिलेलं असतं त्याला सरळ १०० ने भागायचं की गुंठ्याचा आकडा मिळतो. वाटाण्याला हेक्टरी साधारण २० ते २५ किलो नत्र, ५० ते ६० किलो स्फुरद आणि तेवढाच नाहीतर जरा कमी पालाश पुरतो. म्हणजे गुंठ्याला नत्र २०० ग्रॅम आणि स्फुरद अर्धा किलो. तुमच्या पाच गुंठ्यांना नत्र झालं १ किलो. आता तुम्ही दिलेलं बघा. २५ किलो १५:१५:१५ मधून ३.७५ किलो नत्र, आणि पाच किलो युरियातून, युरियात ४६ टक्के नत्र असतं म्हणून, २.३ किलो. एकूण झालं सहा किलो, शेणखतातलं वेगळंच. गरजेच्या सहापट! मग वेल काळाभोर हिरवा नाही होणार तर काय होणार.

वाटाण्याला नत्र एवढं कमी का लागतं हे तुम्हाला माहीत असेलच, मुळांवरच्या गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि ते हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं. पण जमिनीत आयतं नत्र भरपूर असलं की झाड या जिवाणूंना घरात घेतच नाही, ताट वाढून समोर आलं तर चूल कोण पेटवत बसेल. गाठी होत नाहीत, झालेल्या वाढत नाहीत आणि वेल नुसता पानं काढत सुटतो. पानं दाट झाली की आत वारा खेळत नाही, मग भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते, मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतो. तुमच्याकडे अजून भुरी आली नसेल तर नशीब समजा.

पेरताना जे थोडं नत्र देतात ते फक्त सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांसाठी, गाठी कामाला लागेपर्यंत. त्या काळात रोप जरा फिकं दिसतं. ते तसं दिसणारच, घाबरायचं नाही! विसाव्या दिवशी रोप फिकं बघून युरियाची पिशवी उघडणं ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे, भातामुळे लागलेली. भाताला ते चालतं. कडधान्याला नाही चालत.

आता खालचा पिवळा तुकडा. तिथे एक काम करा, मी काही सांगण्याआधी तुम्हीच बघा. दोन झाडं पिवळ्या भागातली आणि दोन हिरव्या भागातली खुरप्याने मातीसकट अलगद उचला. उपटायची नाहीत, उपटली की गाठी मातीतच राहतात आणि मग वाटतं गाठीच नाहीत. बादलीत पाणी घेऊन मुळं हलक्या हाताने धुवा. गाठ दिसली की नखाने चिरा. आतून गुलाबी किंवा लालसर असेल तर ती काम करतेय, आपल्या रक्तात असतं त्याच जातीचं लोहाचं रंगद्रव्य असतं त्यात. आतून पांढरी, बारीक, मोहरीएवढी असेल तर ती नुसती नावाला आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं आयुष्य संपलेलं आहे. पीक शेंगा भरायच्या टप्प्यावर असताना गाठी हिरवट झाल्या तर ते स्वाभाविक, पण फुलाच्या आधीच तसं दिसलं तर मुळाशी काहीतरी बिनसलंय.

माझा अंदाज असा की पिवळ्या भागात गाठी जवळपास नसतीलच आणि मुळं आखूड, खालून काळपट असतील. कारण सांगतो. भाताचा चोंढा आपण वर्षानुवर्षं चिखलणी करून करून तयार केलेला असतो, वीतभर खाली एक घट्ट थर बसलेला असतो. भाताला तोच थर हवा, पाणी धरून ठेवायला. वाटाण्याच्या मुळाला मात्र तो भिंतीसारखा आडवा येतो आणि बांधाकडच्या सखल बाजूला वरून दिलेलं पाणी येऊन साचतं. जिवाणूंना पण हवा लागते, पाणी धरलेल्या मातीत गाठ होत नाही. तेव्हा तिथलं पिवळेपण हे खत कमी पडल्याचं दिसतं तरी खत घालून जाणार नाही. आधी बांधाला लागून चर काढा, पाणी उतरू द्या, दोन ओळींच्या मध्ये खुरप्याने माती मोकळी करा, आणि त्या बाजूला पाणी देणं आठवडाभर बंद. मग लिटरला १० ग्रॅम युरिया विरघळवून संध्याकाळी फक्त त्या पिवळ्या भागावर फवारा, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. हे औषध नव्हे, उरलेल्या हंगामात झाड तगवण्यापुरतं आहे. या वर्षी तिथून चार शेंगा मिळाल्या तरी पुष्कळ.

वरच्या तुकड्यात जमिनीतून काहीही द्यायचं नाही आता. पाणी हलकं आणि थोडं लांबवून द्या, म्हणजे वेलाची पानं काढायची खोड जरा थांबते, मात्र कळी दिसायला लागली की पाणी तोडायचं नाही, फुलोरा आणि दाणा भरणं या दोन वेळा वाटाण्याला पाण्याचा ताण सोसत नाही. कळीच्या वेळी ०:५२:३४ लिटरला ५ ग्रॅम घेऊन एक फवारा द्या, दुकानात किलोच्या पुडीत मिळतं, त्यात नत्र नाही. ओळींमधे भाताचा पेंढा अंथरा, माती गार राहते आणि ओल टिकते. आणि वेलांना काट्याकुट्या लावा, निरगुडीच्या फांद्या चालतात, हवा खेळली पाहिजे.

एवढं केलं की या वर्षीचं संपलं. खरी गोष्ट पुढच्या वर्षीची आहे आणि ती नत्राची नाहीच, ती आपल्या मातीची आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

कोकणातली जांभ्याची माती कशी तयार झाली ते बघा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून जास्त पाऊस, तो लाखो वर्षं पडत राहिला. त्याच्याबरोबर चुनखडी, मॅग्नेशियम, पालाश सगळं वाहून समुद्राला गेलं आणि मागे उरलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. म्हणूनच ती लाल. आणि म्हणूनच ती आंबट, म्हणजे आम्लधर्मी, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) पाच ते सहाच्या घरात. वाटाण्याला हवा सहा ते साडेसात. आता या लाल मातीत तुम्ही स्फुरद टाकलंत की हे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला चिकटून बसतात आणि सोडत नाहीत. स्फुरद जमिनीत असतं, रिपोर्टात पण कधीकधी बरं दिसतं, पण मुळाच्या हाती लागत नाही. आणि वाटाण्याला स्फुरद म्हणजे मुळं, गाठी, फूल आणि दाणा, सगळंच.

म्हणून स्फुरदाचं खत फेकायचं नाही. नत्र पाण्याबरोबर मातीत फिरतं, स्फुरद जिथे टाकलं तिथून फार तर दोन-चार मिलिमीटर सरकतं. तुम्ही १५:१५:१५ फेकलंत तेव्हा प्रत्येक दाणा सगळ्या बाजूंनी लाल मातीने वेढला गेला आणि त्यातलं स्फुरद बहुतेक तिथेच अडकलं. हिशोबाने तुम्ही पाच गुंठ्यांना ३.७५ किलो स्फुरद दिलंत, लागणार होतं अडीच. म्हणजे कमी दिलं असं कोणी म्हणणार नाही, पण झाडाला मिळालं किती ते झाडच सांगतंय.

तर काय करायचं. सिंगल सुपर फॉस्फेट घ्यायचं, ज्याला आपल्याकडे नुसतं सुपर म्हणतात. त्यात स्फुरद १६ टक्के, बरोबर ११-१२ टक्के गंधक आणि भरपूर कॅल्शियम, आणि कोकणच्या मातीला कॅल्शियमची भूक कायमच. अर्धा किलो स्फुरदासाठी गुंठ्याला तीन किलोच्या वर थोडं, म्हणजे पाच गुंठ्यांना पंधरा-सोळा किलो. हे सुपर चांगल्या कुजलेल्या शेणखतात नाहीतर गांडूळखतात, एक पाटी सुपरला दोन-तीन पाट्या खत असं मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ढीग करून ठेवायचं. सेंद्रिय पदार्थ लोहाला आधीच गुंतवून ठेवतात त्यामुळे स्फुरद मोकळं राहायला मदत होते. मग ओळीत बियाण्याच्या बाजूला आणि दोन-तीन बोटं खाली, पट्टा पडेल असं द्यायचं आणि वर माती ओढून बी टोकायचं. बी आणि खत एकमेकाला टेकता कामा नये, खताच्या संगतीत वाटाण्याच्या बियाण्याची उगवण मरते आणि त्यावर लावलेले जिवाणूही मरतात.

डीएपी का नको असं विचाराल. नकोच असं नाही. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, गुंठ्याला एक किलोच्या जरा वर दिलं की नत्र आणि स्फुरद दोन्हीचा कोटा एकदम पुरा होतो, हिशोब अगदी सोपा. पण त्यात गंधक नाही, कॅल्शियम नाही, आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र सालोसाल देत राहिलं की माती आणखी आंबट होत जाते. आपल्या मातीला मी तरी सुपरच सांगतो, आणि नत्रासाठी गुंठ्याला चारेकशे ग्रॅम युरिया त्याच पट्ट्यात, तेही शेणखत कमी असेल तरच. ट्रॉलीभर शेणखत घातलंत तर युरियाची पुडी उघडूसुद्धा नका. रॉक फॉस्फेट म्हणून दगडाची भुकटी मिळते, ती आंबट मातीत हळूहळू विरघळते, आंब्या-काजूच्या आळ्याला ठीक, पण साठ दिवसांत तोडणीला येणाऱ्या वाटाण्याला ती वेळेवर पोचत नाही.

चुना हा दुसरा मुद्दा. आपल्याकडे चुना म्हटलं की लोकांना पानाचा नाहीतर भिंतीचा आठवतो, शेतात कोणी टाकत नाही. पण आंबटपणा कमी झाल्याशिवाय तुमचं अर्धं खत फुकट. आणि गंमत म्हणजे चुन्याने नुसता पीएच सुधारत नाही, मॉलिब्डेनम नावाचं एक अन्नद्रव्य, जे गाठीतल्या जिवाणूंना नत्र पकडायला लागतंच लागतं, ते आंबट मातीत अडकलेलं असतं, चुना पडला की ते सुटतं. मुळं जाळणारं अ‍ॅल्युमिनियम पण शांत होतं. म्हणजे एका चुन्यात तीन कामं.

किती टाकायचा ते माती तपासूनच ठरवायचं, ढोबळ नाही. पण अख्ख्या शेताला चुना द्यायचा तर टनांत जातो, गुंठ्याला वीस ते चाळीस किलो, आणि तो खर्च सगळ्यांना झेपत नाही. त्याऐवजी कडधान्याला ओळीत चुना देतात, हेक्टरी २ ते ४ क्विंटल, म्हणजे गुंठ्याला दोन ते चार किलो, दर वर्षी थोडा थोडा. भात निघाल्या निघाल्या ओळी आखून, बारीक शेतीचा चुना किंवा डोलोमाइटची भुकटी ओळीत मातीत मिसळायची आणि दोन-तीन आठवडे तसंच ठेवायचं. डोलोमाइट मिळालं तर तेच घ्या, त्यात मॅग्नेशियम असतं आणि ते पण आपल्याकडून पावसात वाहून जातं. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर ते मॅग्नेशियमच. चुना आणि सुपर एकाच दिवशी, एकाच ओळीत कधीच नको, स्फुरद परत घट्ट होऊन बसतं. चुना आणि युरिया किंवा डीएपी एकत्र केलंत तर नाकात वास येईल, तो तुमच्या पैशाचा अमोनिया हवेत चाललेला असतो.

आणि जास्त चुनाही नको हो. पीएच सातच्या वर ढकलला की मँगेनीज अडकतं आणि मग वाटाण्याच्या दाण्याच्या पोटात तपकिरी डाग पडतात, बाहेरून शेंग सुंदर आणि सोलल्यावर आत डाग. कोकणात हे क्वचित होतं, पण चांगलं म्हणून गोणी रिकामी करणारे लोक असतात म्हणून सांगून ठेवतो.

राख हा घरचा उपाय आहे आणि मला तो फार आवडतो. भाताच्या रोपासाठी आपण राब भाजत आलो, म्हणजे रोपाच्या जागेवर कवळ (झाडांचा पालापाचोळा, फांद्या) अंथरून जाळत आलो, त्यात राखेचाही फायदा मिळत होताच. चुलीतली कोरडी लाकडाची राख गुंठ्याला आठ-दहा किलो दिली तर पालाश मिळतं आणि आंबटपणाही थोडा उतरतो. पावसात भिजलेली नको, तिच्यातला पालाश धुऊन गेलेला असतो. आणि प्लास्टिक जाळलेल्या चुलीची तर नकोच नको. राख सुद्धा चुन्यासारखीच, युरिया-डीएपी-सुपरच्या संगतीत टाकायची नाही, पंधरा दिवस आधी टाकायची. राख नसेल तर म्युरेट ऑफ पोटॅश गुंठ्याला सातशे-आठशे ग्रॅम. पण ज्यांचं शेत खाडीला लागून आहे, खाजणात किंवा खारं पाणी शिरतं अशा जागी, त्यांनी म्युरेट टाळा, त्यात क्लोराईड असतं, सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. खरं तर अशा खाऱ्या जमिनीत वाटाणाच लावू नका, त्याला मीठ सहन होत नाही.

मासळीचं खत टाकलं तर चालेल का असं बरेच जण विचारतात, किनाऱ्यावर ते मिळतं. नारळ-पोफळीला उत्तम. वाटाण्याला नको, नत्र भरपूर आणि मीठ पण. गिरिपुष्पाचा पाला भाताला घाला, वाटाण्याच्या तोंडावर नको, तो कोवळा पाला झटपट कुजून नत्रच देतो. आणि अर्धवट कुजलेलं शेण तर अजिबात नाही, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, मग खताची चर्चा राहते बाजूला.

आता जिवाणूंचं, जे सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त चुकतं. तुम्ही म्हणालात बीजप्रक्रिया, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला जिवाणू चोळणं, केली नाही कारण त्या चोंढ्यात आधी वाल आणि चवळी होती, जिवाणू असतीलच. जिवाणू असतील, पण ते वाटाण्याचे नाहीत. वाल, चवळी, मूग, उडीद, कुळीथ यांचे जिवाणू एका बिरादरीतले, वाटाणा-मसूर-लाख यांची बिरादरी वेगळी. चवळीच्या मुळावर गुलाबी गाठी लगडणारा जिवाणू वाटाण्याच्या मुळाला ओळख देत नाही. घाटावर पुरंदर, सासवडकडे वर्षानुवर्षं वाटाणा होतो, तिथल्या मातीत त्याचे जिवाणू मुरलेले आहेत, आपल्याकडे वाटाणा परका, त्यात चोंढा चार महिने पाण्याखाली. म्हणून कोकणात वाटाण्याला बीजप्रक्रिया ही हौस नाही, तिच्यावाचून गाठच होणार नाही. पुडीवर वाटाणा असं लिहिलेलं पाहिजे. दुकानात नुसतं रायझोबियम म्हणून तुरीचं नाहीतर सोयाबीनचं गळ्यात मारतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करून ठेवा, तारीख बघून घ्या, उन्हात ठेवलेली पुडी घेऊ नका.

२५० ग्रॅमची पुडी साधारण दहा किलो बियाण्याला पुरते. तुम्हाला पाच गुंठ्यांना तीन-साडेतीन किलो बी लागेल, तेव्हा पाव लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी, त्यात मूठभर गूळ उकळून पूर्ण गार करा. गरम असताना टाकलंत तर जिवाणू शिजले. त्यात शंभरेक ग्रॅम जिवाणू आणि तेवढंच स्फुरद विरघळवणारं कल्चर, ज्याला पीएसबी म्हणतात ते, कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळा, साल निघू देऊ नका. मग आपल्या आंबट मातीसाठी एक जास्तीची पायरी, ओलसर बियाण्यावर बारीक चुनखडीची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भुरभुरवून बी पांढरं करून घ्या. यामुळे जिवाणूला आंबट मातीत पहिले काही दिवस कवच मिळतं. इथे कळीचा चुना किंवा विझवलेला चुना वापरायचा नाही, तो जिवाणूंना मारतो. सावलीत सुकवा, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या सकाळी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आदल्या दिवशी आणि जिवाणू शेवटी, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) असेल तर तो बरोबर चालतो.

माती तपासणी. भात कापल्यावर लगेच, आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे वीतभर खोल खड्डे करून कडेची माती खरवडा, बांधाजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची नको, सगळी एकत्र करून चार भाग करत करत अर्धा किलो उरवा आणि सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका, एवढं साधं पण बहुतेक नमुने तिथेच बिघडतात. तपासणीनंतर मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी येतात. तुम्ही पहिल्यांदा पीएच बघा. साडेपाचच्या खाली असेल तर चुना टाळता येणार नाही, साडेपाच ते सहा असेल तर ओळीतला पुरे, सहाच्या वर असेल तर चुना सोडा. मग स्फुरद. आंबट मातीचं स्फुरद ब्रे पद्धतीने काढतात, ऑल्सेन पद्धत उदासीन आणि चुनखडीच्या मातीची, तेव्हा विचारून घ्या कुठल्या पद्धतीने काढलंय. सेंद्रिय कर्ब आपल्याकडे बऱ्याचदा चांगला निघतो, एक टक्क्याच्या वर पण, आणि लोक खुश होतात की माती झकास आहे. कर्ब चांगला आणि स्फुरद तळाला, हे कोकणात नेहमीचं चित्र आहे. लोह, मँगेनीज भरपूर निघेल, त्याची खतं कोणी विकायला आलं तर घेऊ नका. बोरॉन आणि जस्त कमी निघू शकतं, बोरॉन कमी असेल तरच बोरॅक्स गुंठ्याला शंभर ग्रॅमच्या आत, जास्त झालं तर वाटाणा कडेने करपतो.

हे सगळं सांगून झाल्यावर एक सांगितलं नाही तर ते बरोबर होणार नाही. वाटाण्याला थंडी लागते. दिवसाचं तापमान तिशीच्या वर गेलं की फुलं गळतात आणि दाणा धरत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीत पण दुपार तिशी गाठते. ही गोष्ट कुठल्याच खताने सुधारत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुम्ही पेरलंत तेव्हा ऑक्टोबरची आग पुरती विझली नव्हती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धरा, रात्री अंगावर चादर ओढावीशी वाटायला लागली की टोका, म्हणजे फुलोरा जानेवारीच्या थंडीत येईल. मधल्या दिवसांत चुना ओळीत मुरेल, ते पण जमून जातं. जागा निवडताना दुपारनंतर नारळीची किंवा डोंगराची सावली येणारा तुकडा बघा. दापोलीच्या पठारावर थंडी जरा बरी पडते, तिकडे वाटाणा त्यामानाने खुलतो, गुहागरला वाळूला लागून असलेल्या वाडीत अवघड.

माझं विचाराल तर पाच गुंठे वाटाणा नको. एक-दीड गुंठा गादीवाफे (उंच उचललेले वाफे) करून घरापुरता लावा, बाजारात घाटावरचा मटार जानेवारीत इतका स्वस्त होतो की विकायला करण्यात अर्थ नाही. आणि आपल्या काळ्या वाटाण्याचं सांबार म्हणून हौस असेल तर तो वेगळा वाटाणा, वाळवून दाण्यासाठी करायचा, अर्केल सोलून मटारभातातच जातो. उरलेल्या चोंढ्यात वाल नाहीतर कोकण सदाबहार चवळी टाका, भाताच्या उरल्या ओलीवर येते, तिचे जिवाणू मातीत आहेत, ऊन सोसते. तिला पण सुपर ओळीतच द्या, गुंठ्याला तेच तीन किलो.

या वर्षीचे वेल काढताना उपटू नका, जमिनीलगत विळ्याने कापा, मुळं आत राहू देत. कापलेले वेल गुरांना घाला किंवा आडवे अंथरा, भुरी पडलेली असेल तर मात्र ते शेताबाहेर न्या. खालच्या पिवळ्या तुकड्यातला तो घट्ट थर मार्च-एप्रिलमधे वाळल्यावर कुदळीने एका कोपऱ्यात वीतभर उकरून बघा, किती जाड आहे ते कळवा. फार जाड निघाला तर तिथे पुढच्या वर्षी वाफा किती उंच करायचा ते त्यावरून ठरवू. गाठींचे फोटो पण पाठवा, चिरलेल्या.